दोरीतला चौकोन

ऑक्टोबरातलं ऊन. सोयाबीन सोंगणीला आलेलं आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पंधरा-वीस माणसं उभी. आमच्या गावात पीक कापणी प्रयोग होता. आर्णी तालुक्यात हे दृश्य दरवर्षी कुठे ना कुठे दिसतं. गट नंबर आधीच निवडून आलेला होता. त्या वावरात चौकोन नेमका कुठे आखायचा हेही कुणाच्या मर्जीवर नव्हतं. तक्त्यातले आकडे काढायचे, नैऋत्य कोपऱ्यापासून तेवढी पावलं लांबीत, तेवढी रुंदीत चालायचं, थांबाल तिथे खुंटी. खुंटीपासून दोरी. दोरीच्या आतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं.

कृषी सहायकाने पावलं मोजली. खुंटी ठोकायच्या आत धुऱ्यावरून आवाज आला, "सायेब, थोडं तिकडं घ्या नं." तिकडे पाणी साचून झाडं पिवळी पडली होती, शेंगाही फारशा धरल्या नव्हत्या. विमा कंपनीने पाठवलेला पोरगा मोबाइलवर फोटो काढत होता. तो म्हणाला, "पावलं इथंच संपली." मग पावलं पुन्हा मोजायचं ठरलं. या वेळी तलाठी चालले. तलाठी उंच, सहायक बुटका. दोघांच्या पावलांत चौकोन चांगला हातभर सरकला. कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा कोण चालणार यावर दहा मिनिटं गेली. शेवटी खुंटी बसली ती पिवळ्या पट्ट्याला अर्धी शिवून. काटा मात्र इलेक्ट्रॉनिक होता, त्याने ग्रॅमपर्यंत वजन दाखवलं. "ओलं हाय, सुकल्यावर कमी भरन," असं एक जण म्हणाला, आणि तेही बरोबरच होतं. सह्या झाल्या. चहा झाला.

परत येताना आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे सर गाडीवर मागे बसले होते. ते म्हणाले, "बघा, सगळ्या गोंधळात खरं बोलला तो काटा. हाच तुमच्या-आमच्या विषयांतला फरक." मी अर्थशास्त्र शिकवतो. त्याआधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेली, म्हणजे मातीचा सामूसुद्धा काढलेला आहे आणि मार्शलच्या मागणीची वक्ररेषाही फळ्यावर काढलेली आहे. सरांना तेव्हा उत्तर देता आलं नाही. गाडी खड्ड्यांतून चालली होती, आणि उत्तर लांबलचक होतं. ते आता देतो.

काटा खरं बोलला, मान्य. पण काट्यावर काय ठेवायचं हे धुऱ्यावर ठरलं. त्या वजनावरून महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न निघणार, त्यावर विम्याचे पैसे मिळणार की नाही ते ठरणार. तशाच कापण्यांवरून आणि नजरेच्या अंदाजावरून गावाची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं तो सरकारी आकडा, लागणार. ३१ डिसेंबरची अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर शेतसाऱ्यात सूट, पंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. एक्कावन्न आली तर यातलं काहीच नाही. हे धुऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सोयाबीनला ठाऊक नव्हतं. नैसर्गिक विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं यांच्यातला खरा फरक मला या दोन वाक्यांत सापडतो. ज्याला मोजायचं, त्याला आपण मोजले जातोय हे कळतं का? कळत असेल तर तो मोजणाऱ्याकडे बघतो, हिशेब करतो, आणि मोजणी संपायच्या आत थोडा बदलतो.

आमच्याकडे हा फरक अक्कलेचा समजला जातो. दहावीला ऐंशी टक्क्यांच्या वर पडले की सायन्स, साठच्या खाली पडले की आर्ट्स. बाप पोराला घेऊन येतो आणि विचारतो, "सर, आर्ट्स घेऊन काय करन हा?" गंमत भाषेतही आहे. एका गटाला आपण 'विज्ञान' म्हणतो, दुसऱ्याला 'शास्त्रं', आणि शास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंचांग, वास्तू आणि 'शास्त्र असतं ते' म्हणून गप्प बसवणारी आजी उभी राहते. त्यात पुन्हा अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र हे सगळे विषय आमच्या शिक्षण व्यवस्थेत कला शाखेत मोडतात. यवतमाळ जिल्ह्यात बँकेकडून पीककर्ज काढून घेणं ही कला आहे, हे मी मान्य करतो.

सरांचा आवडता मुद्दा भाकिताचा. ग्रहण कधी लागणार हे शंभर वर्षं आधी सांगता येतं, आणि तुम्हाला पुढच्या वर्षीचा तुरीचा भाव सांगता येत नाही. ग्रहणाचं खरंच आहे. पण विज्ञान म्हणजे फक्त ग्रहणं नव्हेत. २००९ साली हवामान खात्याने एप्रिलात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, पडला ७८ टक्के. त्या वर्षी आमच्याकडे दुबार पेरणी करून कास्तकार थकले होते. त्यावरून कुणी हवामानशास्त्र बंद करा म्हटलं नाही, म्हणूही नये. ढग, समुद्र, वारे यांच्या गुंतागुंतीत भाकीत चुकतं. पुढच्या वर्षी मॉडेल सुधारतं.

तुरीचं भाकीत वेगळ्या कारणाने चुकतं. २०१५ च्या शेवटी तूरडाळ दोनशे रुपये किलोला टेकली. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, कृषी केंद्राच्या बाकड्यावर एकच बोलणं: तुरीला भाव आहे. २०१६ च्या खरिपात ज्याला जमेल त्याने तूर टाकली. पऱ्हाटीतल्या तुरीच्या ओळी वाढल्या, धुऱ्यापर्यंत तूर आली. पाऊसही बरा झाला. देशातलं उत्पादन २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या आसपास गेलं. सरकारने बोनस धरून ५,०५० रुपये हमीभाव जाहीर केला होता, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात बाजार समितीत भाव चार हजारांच्या खाली-वर घुटमळत होता. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टर-बंड्यांच्या रांगा लागल्या, मग बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला. माणसं रात्री कट्ट्यांवर झोपली. माझा चुलतभाऊ चार दिवस तिथे होता. चौथ्या दिवशी व्यापाऱ्याला विकून परत आला आणि दोन आठवडे तुरीचं नाव घेऊ देईना.

इथे भाकीत बरोबर होतं की चूक? पाऊस हवामान खात्याचा अंदाज ऐकून पडायचा थांबत नाही. कास्तकार भावाचा अंदाज ऐकतो, त्याप्रमाणे पेरतो आणि पेरून तो अंदाज खोटा पाडतो. अर्थशास्त्रात या भोवऱ्याला १९३० च्या दशकापासून कोळ्याच्या जाळ्याचं नाव आहे, कारण आलेख काढला की रेषा जाळ्यासारखी फिरत जाते. म्हणजे शास्त्राला तुरीचं काही कळत नाही, असं नाही. पुढच्या वर्षीचा नेमका आकडा ते सांगू शकत नाही, पण आकडा का उलटेल, कसा उलटेल आणि खरेदीची तयारी कुठल्या महिन्यात करायला हवी, हे सांगू शकतं. ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बारदाना वेळेवर आला असता, एवढं मी छातीठोक सांगतो.

आता कापूस. यावर जरा थांबायला हवं, कारण विदर्भात नैसर्गिक विज्ञानाचा सगळ्यात मोठा विजय आणि सगळ्यात मोठी फजिती एकाच पिकात झाली.

बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली २००२ मध्ये. जिवाणूतलं जनुक कापसाच्या झाडात घालायचं, मग अळी झाड खाते आणि मरते. हे काम अव्वल दर्जाचं होतं, त्याला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. सुरुवातीची काही वर्षं फवारे खरोखर कमी झाले. दुसरं जनुकही घातलेलं वाण २००६ ला आलं. अळीत प्रतिकारशक्ती येऊ शकते, हेही शास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यावरचा उपायही त्यांनी काढून ठेवला होता. बीटीच्या भोवती बिगरबीटी कापसाच्या ओळी लावायच्या. त्यावर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागेल. यासाठी ४५० ग्रॅम बीटी सरकीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटीची पुडी दिली जायची.

त्या पुडीचं काय झालं, ते विदर्भातल्या कुठल्याही घरी विचारा. आमच्या घरी ती माळ्यावर होती. एका वर्षाची नाही, तीन-चार वर्षांच्या पुड्या एका डब्यात. माझ्या वडलांना विचारलं तर ते म्हणाले, "अळीसाठी पेरू का मी? माह्या वावरात तिची खानावळ उघडू?" चार एकरांत पाच ओळी अळीला सोडायच्या, त्यावर डवरणी-निंदणाचा खर्च करायचा, आणि फायदा कुणाला? सगळ्या शिवाराला, तोही पाच-सात वर्षांनी. शेजारच्याने लावली नाही तर माझी लावून उपयोग नाही, आणि शेजारच्याने लावली तर मी नाही लावली तरी चालतं. वर पुडीतल्या बियाण्याच्या दर्जाबद्दल तक्रारी होत्याच. वडील अडाणी नव्हते. त्यांचा हिशेब बरोबर होता. चूक पुडी देणाऱ्याच्या हिशेबात होती. त्याने अळीची वागणूक बारकाईने अभ्यासली, कास्तकाराची गृहीत धरली.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये हीच गुलाबी बोंडअळी, हेच जनुक. तिथे शेतकऱ्यांनी बिगरबीटीचे पट्टे बऱ्याच प्रमाणात खरोखर लावले, नंतर वांझ पतंग सोडण्याची मोहीम सगळ्यांनी मिळून चालवली, आणि २०१८ मध्ये तिथून ही अळी नष्ट झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाला अळी दाद देईना, पुढे दोन जनुकांच्या वाणालाही. २०१७ ला विदर्भात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. जीवशास्त्र दोन्हीकडे एकच होतं. तिथे शेतकरी थोडे, शेतं मोठी, नियम पाळतात की नाही ते बघायला माणूस होता. इथे एका तालुक्यात हजारो खातेदार आणि पुडीत फक्त एक कागद.

फरदडीचंही तसंच. फरदड म्हणजे डिसेंबरात पीक न उपटता फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं ठेवून उरलेली बोंडं वेचणं. अळीला यासारखी मेजवानी नाही, तिचं चक्र तुटतच नाही. दरवर्षी सल्ला निघतो: फरदड घेऊ नका. पण कोरडवाहू कास्तकाराकडे रब्बीला पाणी नाही, दुसरं पीक नाही, आणि फरदडीतून शेवटचे दोन-तीन क्विंटल निघतात त्यावर होळीचा खर्च आणि पोरीच्या कॉलेजची फी. फरदड थांबवायची तर अळीच्या आयुष्याचा तक्ता हवाच, पण त्याच्या शेजारी कास्तकाराच्या पैशाचा महिनावार तक्ताही हवा. पहिला तक्ता नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेपासून अकोल्याच्या विद्यापीठापर्यंत सगळीकडे मिळतो. दुसरा करायला कुणाला नेमलंय? विदर्भात बियाण्यावर जेवढा पैसा आणि जेवढी डोकी लागली, त्याचा दहावा वाटाही बियाणं पेरणाऱ्याला समजून घ्यायला लागला नाही, असं माझं मत आहे. त्याची किंमत आपण बोंडांत मोजली.

इथे माझ्या बाजूचीही खोट काढली पाहिजे. सरांचा खरा बोचरा मुद्दा भाकिताचा नव्हताच. तो असा होता: "आमच्यात चुकीचा सिद्धान्त मरतो. तुमच्यात कोणता मेला?" याला माझ्याकडे फारसं उत्तर नाही. आमच्या विषयात एकाच आकड्यावरून दोन प्राध्यापक उलट निष्कर्ष काढतात आणि दोघेही निवृत्त होईपर्यंत तेच शिकवतात. पीएच.डी.चे प्रबंध प्रश्नावलीवर होतात, आणि ती प्रश्नावली कित्येकदा एसटी स्टँडवरच्या हॉटेलात बसून भरलेली असते. शंभर नमुने, चार टक्केवाऱ्या, शेवटी 'शासनाने लक्ष घालावे'. मीही हे केलेलं आहे.

बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं मी एका कर्जविषयक पाहणीत गावोगाव फॉर्म भरत फिरलो. मातीचा सामू काढताना आम्हाला शिकवलं होतं: बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, शेणखताच्या ढिगाजवळची नाही. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, सगळी माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलोवर यायचं. माणसांच्या बाबतीत एवढी काळजी घ्या, असं कुणी सांगितलं नाही. मी ओसरीवर बसायचो, शेजारी-पाजारी जमायचे, आणि त्या सगळ्यांपुढे विचारायचो, "काका, कर्ज किती आहे?" उत्तर यायचं, "सोसायटीचं हाय तीसेक हजार." लिहून घ्यायचो. पुढचं घर.

एका म्हाताऱ्याने मला यातून बाहेर काढलं. त्याने सगळ्यांसमोर तीस हजार सांगितले. पाणी प्यायला आत गेलो तर तिथे म्हणाला, साठ. आणि निघताना फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा, सावकाराचं आणि मेहुण्याचं धरून, दीड लाखाच्या वर. मी वैतागून म्हटलं, "काका, खरं कोणतं लिहू?" तो म्हणाला, "खरं तिन्ही हाय. तू कोन्या कामासाठी इचारतं, त्यावर हाय. माफीसाठी इचारत असशीन तं सोसायटीचंच लिव. पोरीच्या सोयरिकीवाला इचारीन तं काहीच नाही म्हन."

बांधाजवळची माती घेऊ नये म्हणतात तसं हे आहे, फक्त इथे मातीच सांगते की मी बांधाजवळची आहे की मधली. त्या दिवसानंतर मी एकटं बसवून, दोनदा जाऊन विचारायला लागलो. दिवसाला दहा फॉर्मऐवजी तीन व्हायला लागले, आणि वरून बोलणी बसली. माझे आधीचे शेकडो फॉर्म तसेच गेले. त्यांतून निघालेली सरासरी कुठे ना कुठे छापली गेली असणार.

मोजणाऱ्याचं काम काय आहे यावर उत्तर बदलतं, हे विदर्भातल्या सर्वात दुःखाच्या आकड्याला सगळ्यात जास्त लागू आहे. त्याविषयी लिहिताना हात जड होतो, पण टाळता येत नाही. १८९७ साली फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्कहाइमने दाखवून दिलं की आत्महत्या हा प्रत्येकाचा खासगी निर्णय वाटला तरी गटागटांतलं तिचं प्रमाण वर्षानुवर्षं बरंचसं टिकून राहतं, म्हणजे समाजाच्या रचनेत काहीतरी शोधायला हवं. हे शोधायचं तर आधी नीट मोजावं लागतं. आपण काय केलं? आपल्याकडे आत्महत्येच्या प्रत्येक प्रकरणाला दोन शिक्के आहेत, पात्र आणि अपात्र. मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावावर शेती हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं, म्हणजे एक लाखाची मदत. मदत द्यायला काही निकष लागतात, त्यावर माझं भांडण नाही. भांडण याच्यावर आहे की हाच शिक्का पुढे संशोधनाचा आकडा होऊन बसतो. मक्त्याने वावर करणारा माणूस सातबारावर नसतो. आयुष्यभर निंदलेल्या, वेचलेल्या बाईचं नाव सातबारावर क्वचित असतं, ती गेली तर कागदावर गृहिणी गेली. गावातल्या बिनपरवान्याच्या सावकाराचं कर्ज कुठे दिसतच नाही. आणि राष्ट्रीय पातळीवर २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर यांची वर्गवारी बदलली, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करणारा माणूस फसतो.

जो आकडा पैसे वाटायला वापरतात, तो मोजमाप म्हणून निकामी होतो. हा माझा शोध नाही, अर्थशास्त्रात १९७५ पासून चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. माझी मागणी त्यातूनच निघते आणि ती साधी आहे. मदत ठरवणारी समिती वेगळी ठेवा, मोजणारे हात वेगळे ठेवा. मोजणाऱ्याच्या फॉर्मवर कुणाचा एक रुपयाही अडता कामा नये किंवा सुटता कामा नये, आणि हे गावाला दिसलं पाहिजे. पीक कापणीलाही हेच लावा. चौकोन आखणाऱ्याचा निकालाशी संबंध नको. गावातल्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, आशा सेविकांना दर आठवड्याला नवा फॉर्म देऊन जी माहिती गोळा होते तिला आकडेवारी म्हणू नये. शाळेची वेळ संपल्यावर, गॅस सिलिंडर आणायला जाता जाता भरलेला तो फॉर्म असतो.

हे जमतं का? गडचिरोलीत जमलेलं आहे. १९८६ पासून तिथे काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांचे मृत्यू रोखण्याचा प्रयोग केला तो ३९ गावांत, आणि तुलनेसाठी ४७ गावं निवडली. निमोनिया, जंतुदोष, कमी वजन, बाळाला गार पडू न देणं, हे सगळं वैद्यकशास्त्र. पण बाळ जन्मलं हे कळायला हवं, आणि मेलं तर तेही कळायला हवं. आमच्याकडे आठव्या दिवशी गेलेलं बाळ कुठल्याच वहीत येत नाही. घरचे त्याविषयी बोलत नाहीत, बाळंतिणीला बोलू देत नाहीत. तिथे गावातल्याच बाया शिकवून तयार केल्या. त्या पोटुशी बाईच्या घरी आधीपासून जायच्या, बाळंतपणाला हजर असायच्या, नंतर ठरलेल्या दिवशी येऊन बाळ तोलायच्या. त्यांना खरं सांगितलं जात होतं, कारण त्या शेकायला विस्तव कसा ठेवायचा हेही जाणत होत्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशभर आशांच्या गृहभेटींत उतरलं. यात डॉक्टरकी कुठे संपते आणि समाजशास्त्र कुठे सुरू होतं, ते सरांनी मला दाखवावं.

मापाचा गजच कोणता घ्यायचा, हा प्रश्नही आमच्या विषयात उघड्यावर सोडवावा लागतो. हेक्टर सगळीकडे हेक्टरच, पण अचलपूरकडचं ओलिताचं दोन हेक्टरांचं संत्र्याचं वावर आणि आमच्याकडची दोन हेक्टर बरड एकाच 'अल्पभूधारक' रकान्यात बसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्येच लिहिलं होतं की धारणा लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तिच्यावर लागणाऱ्या भांडवल-श्रमाच्या प्रमाणात ठरतं. शंभर वर्षांनीही आपला फॉर्म एकरच विचारतो. उलट अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये विदर्भाचा अनुशेष काढला तेव्हा गज सांगून टाकला होता: राज्याची सरासरी. जिल्हा तिच्या खाली जितका, तितका अनुशेष. राज्याचे ३,१८६ कोटी, त्यांत विदर्भाचे १,२४६ कोटी. सरासरी हाच गज का, यावर तेव्हापासून वाद आहे, आणि तो वाद घालता येतो तो गज समोर ठेवला म्हणूनच. नंतर राजकारण्यांनी आकडा उचलला आणि गज विसरले, हा दांडेकरांचा दोष नाही.

सरांना मी हे सगळं तुकड्यातुकड्यांत सांगितलं. ते म्हणाले, "मग पोरांना धुऱ्यावर पाठवा." पुढच्या हंगामात एफवायच्या सहा पोरांना आसपासच्या गावांतल्या पीक कापणीला पाठवलं. फिजिक्सच्या दोघांना सांगितलं, फक्त वजन, ओलावा आणि पावलांची लांबी लिहा. अर्थशास्त्राच्या चौघांना सांगितलं, वजन लिहूच नका. कोण कुठे उभं होतं, कोण काय बोललं, खुंटी कितीदा हलली, ते लिहा. फिजिक्सवाल्यांच्या वह्या स्वच्छ, आकडे रांगेत. पावलाची लांबी ६१ ते ७८ सेंटिमीटर. अर्थशास्त्राच्या एका पोरीच्या वहीत मात्र अर्धं पान कोरं होतं. वर लिहिलं होतं: "खुंटी तीन वेळा हलली. पहिल्या वेळी सरपंच बोलले. दुसऱ्या वेळी विमावाला बोलला. तिसऱ्या वेळी."

मी विचारलं, "पुढे काय झालं?"

ती म्हणाली, "सर, तिसऱ्या वेळी माहे बाबा बोलले. लिहू का?"